बिनकाठीचा डबा

चांगुणाबाईंनी प्रिंटरच्या तोंडातून कागद ओढून काढला आणि दारातल्या उजेडाकडे धरला. कागदभर नुसते चौकोन. रिकामे, एकाला एक लागून, विटा रचाव्यात तसे ओळीनं.

"हे कोरियन हाय?"

संगणकासमोर बसलेली सून, प्रभावती, पुन्हा की-बोर्डाशी झटू लागली. शिवाजीनं हातातली सीडी सदऱ्याला पुसली.

"माय, बराबर बसलं न्हाई अजून. कंप्युटरला ते अक्षर माहीत न्हाई, म्हणून तो नुस्ता चौकोन काढून राह्यला."

"माहीत न्हाई तर गप बसावं की. कागद कशाला नासवायचा?"

कागद त्यांनी चुरगळला नाही. मागची बाजू कोरी होती. घडी घालून हिशेबाच्या गठ्ठ्याखाली सरकवला आणि खुर्चीत येऊन बसल्या. प्रेसच्या दाराजवळची ही लाकडी खुर्ची त्यांच्या नवऱ्याची, संपतरावांची होती. ते गेल्यापासून चांगुणाबाईंची. गिऱ्हाईक आत पाऊल टाकायच्या आत त्यांच्या नजरेला पडायचं, आणि पत्रिका घेऊन बाहेर पडतानाही त्यांच्याच नजरेखालून जायचं.

काम टेंभुर्णीचं होतं. तिथल्या विहारासाठी कोरियातून बुद्धमूर्ती येणार होती आणि तिच्याबरोबर तिकडचे भन्ते. रविवारी कार्यक्रम. कमिटीचे अध्यक्ष साहेबराव गुरुजी संपतरावांचे जुने दोस्त, म्हणून स्वागताची पुस्तिका जुन्या जालन्यातल्या या बोळात आली. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कोरियन. कोरियन मजकूर पाहुण्यांनीच पाठवला होता. एक फॅक्सवर, आणि तोच संगणकातून. तो शिवाजीनं इंटरनेटच्या दुकानातून फ्लॉपीत भरून आणला होता.

"वहिनी, कमिटीतली दोघं औरंगाबादला काम द्या म्हणत होती," साहेबराव चहाची बशी खाली ठेवत म्हणाले होते. "मी बिलकुल न्हाई म्हटलं. चांगुणावहिनीच्या नजरेखालून गेल्याबिगर तिथून कागद बाहेर पडत न्हाई, म्हटलं. मराठी असू द्या न्हाईतर कोरियन."

"असू द्या," चांगुणाबाई म्हणाल्या होत्या.

आणि आता ते तोंडातून निघालेलं 'असू द्या' त्यांना महागात पडणार होतं.

कारण नजरेची गोष्ट अशी होती. चांगुणाबाई दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या, आणि त्यातलीही अर्धी दुसरी भावंडं सांभाळण्यात गेली. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या कपाळावरचं गावाचं नाव, चौदा एप्रिलच्या फलकावरची मोठी अक्षरं, एवढं त्यांना लागायचं. गिऱ्हाइकाच्या हातचा मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग. शिशाच्या अक्षरांच्या, खिळ्यांच्या जमान्यात ते चालून गेलं. संपतराव खिळे जुळवायचे, छपाई झाली की चांगुणाबाई ते सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकायच्या. काना कानाच्या खणात, वेलांटी वेलांटीच्या. त्याला वाचावं लागत नाही. खिळे गेले, जुनं मशीन भंगारात गेलं, नवं मशीन आणि संगणक आले. खणांची एक पेटी तेवढी त्यांनी विकू दिली नव्हती. तिच्यात आता सुपारी, लवंगा आणि बटणं असायची.

पण प्रूफाची रीत तीच राहिली. सून छापलेला कागद मोठ्यानं वाचायची आणि चांगुणाबाई समोर बसून, चष्मा लावून, गिऱ्हाइकाच्या मूळ कागदावर बोट फिरवत ओळीओळीला "हं" म्हणायच्या. सगळं खोटं होतं असंही नाही. कान तिखट होता. मामाच्या आधी मावसभावाचं नाव आलं, गावाचा तालुका चुकला, की त्यांचं "हं" अडायचं आणि सुनेला पुन्हा वाचावं लागायचं. बाजारात बोलबाला होता की चांगुणाबाईच्या हातून मात्रा सुटत नाही. खरं काय ते एकट्या संपतरावांना ठाऊक होतं आणि ते बरोबर घेऊन गेले होते. प्रभावती तर परतूरची बीकॉम. एका हातानं पिठलं हलवत दुसऱ्या हातात पेपर वाचणारी. तिच्यापुढे असलं काही उघडं पडण्यापेक्षा चांगुणाबाईंनी प्रेसच विकली असती.

आता कोरियन मोठ्यानं वाचणार कोण? आणि वाचणारच कोणी नाही, तर "हं" कशाला म्हणायचं?

गुरुवारी दुपारी कोरियन बसलं. त्याआधी शिवाजीनं तीनदा सगळं काढून पुन्हा घातलं होतं. ज्याच्यात लग्नपत्रिका व्हायच्या त्या पेजमेकरनं तर त्या अक्षरांना शेवटपर्यंत दारातच उभं केलं. मग प्रभावतीनं तो मजकूर वर्डमध्ये घेतला, औरंगाबादहून आणलेल्या सीडीतले फाँट घातले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पडद्यावर एकदम गर्दी उभी राहिली. गोल, काठ्या, खोपटी, डबे.

"आलं!" शिवाजी उठलाच. "काढ प्रिंट. मी छपाईच्या प्लेटवाल्याला सांगून येतो."

"आन प्रूफ?"

शब्द गेल्यावर चांगुणाबाईंना कळलं की सुटायची वाट समोर उघडी होती आणि ती आपणच बंद केली.

"माय, इथं कोणाच्या बापाला कोरियन येतं? कोण वाचणार प्रूफ?"

"बाप काढू नको. तुझ्या बापाच्या प्रेसातून प्रूफाबिगर कागद गेला न्हाई. जा तू, प्लेटवाल्याला थांब म्हणून सांग."

शिवाजी पाय आपटत गेला. प्रिंट निघाली आणि पाठोपाठ लाईट गेली. पंखा फिरता फिरता थांबला. दोघी कागद घेऊन बाहेर ओट्यावर आल्या. समोरच्या दुकानात हमाल हरभऱ्याची पोती उतरवत होते. चांगुणाबाईंनी चष्मा लावला, फॅक्सचा कागद मांडीवर घेतला आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. हात सवयीनंच तिथं गेला. तोंडही.

"वाच."

प्रभावतीनं कागद समोर धरला. ओठ उघडले आणि तसेच राहिले. डोळे ओळीवरून गेले, परत आले, पुन्हा गेले. कानामागून लाली चढत गालावर आली.

तो चेहरा चांगुणाबाई पहिल्यांदा बघत होत्या. आणि पहिल्यांदा बघत असूनही तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. आजवर त्यांनी तो आतूनच पाहिला होता. बीकॉमची जिरली, असं मनात यायला हवं होतं. आलंही थोडं. पण नीट रुजलं नाही.

"आत्याबाई," प्रभावती कागदावरची नजर न काढता म्हणाली, "मला यातलं एकबी अक्षर येत न्हाई. तुम्ही खिळे सोडवताना कसं करत होत्या, तसं सांगा मला."

"खिळ्यांचं वेगळं. मी काय ते वाचून..." चांगुणाबाई थांबल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई."

"मंग?"

प्रभावतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"लग्न होऊन आल्ते त्याच वर्षी, अंबडच्या पत्रिकेत वाचताना एक ओळ सुटली माझ्याकडून. तुमचं बोट त्या ओळीवरून गेलं. तुम्ही हं म्हणालात."

समोरचं पोतं धप्पकन खाली पडलं. धूळ उडाली. चांगुणाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

"छापून गेली?"

"न्हाई. मी घातली ती ओळ नंतर. तवापासून दोनदा वाचते. आधी एकटी. मंग तुमच्यापुढं."

"शिवाजीला बोललीस?"

"कोणालाच न्हाई."

"कोणती होती ओळ?"

"स्वागतोत्सुकांची. चुलत्यांची नावं."

"चुलते सुटले असते तर मांडवात भांडण झालं असतं," चांगुणाबाई म्हणाल्या. चष्मा त्यांनी पुन्हा लावला, पण तो कानावर बसायला नेहमीपेक्षा वेळ लागला. "सरक इकडं. उजेड अडवू नको."

फूटपट्टी पहिल्या ओळीखाली लागली. चांगुणाबाईंनी मान वाकवली. हा मजकूर कोणालाच येत नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे बघायला भीती नव्हती. मुंग्या नव्हत्याच त्या. प्रत्येकाला आपला आकार होता.

"डबा. बाजूला काठी, काठीला बाहेरून काटा."

प्रभावतीनं आपल्या कागदावर बोट ठेवलं. "हं."

"खोपटं. खाली आडवी काठी."

"हं."

"टोपी घातलेला गोल. शेजारी शिडी."

"शिडी... हाय. हं."

"कशी शिडी? एक पायरी का दोन?"

"एक."

"मंग तसं सांग. नुस्तं हं म्हणून काय होतं?"

मग प्रभावतीचे खांदे हलायला लागले. चांगुणाबाईंनी तिच्याकडे रागानं बघितलं, आणि त्यांच्याही ओठाचा कोपरा सुटला.

"हसू नको. ओळ सुटेल."

त्या प्रेसमध्ये चांगुणाबाई पहिल्यांदाच वाचत होत्या आणि सून हं म्हणत होती. लाईट येऊन गेली, पुन्हा आली, तरी कोणी आत गेलं नाही. शेवटच्या पानावर, भन्त्यांच्या मठाच्या नावापाशी, प्रभावतीचं बोट थांबलं.

"आत्याबाई, तुमच्याकडं काय हाय इथं?"

"तीन मजली हाय. वर खोपटं, मधी काठी, खाली काहीतरी गिचमीड."

"माझ्याकडं नुस्ता डबा हाय. बिनकाठीचा." तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. "सगळ्या कागदात एकाबी डब्याला काठीबिगर ठेवलेलं न्हाई. हा एकटाच उभा हाय. हा त्यांचा डबा न्हाई, आपल्या कंप्युटरचा हाय. त्याला हे अक्षर माहीत न्हाई."

चांगुणाबाईंनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. त्यांची नजर त्या जागेवरून एकदा गेली होती. डबाच होता, कागदभर डबे होते, त्यांना काही खटकलं नव्हतं. हे त्या बोलल्या नाहीत.

"बराबर धरलंस," एवढंच म्हणाल्या.

शिवाजी आल्यावर प्रभावतीनं दुसरा फाँट लावायला सांगितलं. त्याच्यात डबा गेला आणि त्या जागी तीन मजली अक्षर उभं राहिलं.

रविवारी टेंभुर्णीच्या मांडवात म्हातारे भन्ते उभे राहिले, पुस्तिका डोळ्यांपासून लांब धरली आणि सावकाश वाचू लागले. कोणाला काही कळत नव्हतं, तरी सगळे हात जोडून बसले होते. चांगुणाबाई बायकांमध्ये सतरंजीवर होत्या. मांडीवर उघडी पुस्तिका. भन्त्यांचा आवाज ओळीच्या शेवटाला खाली यायचा. तेवढ्या अंदाजानं त्यांचं बोट पुढच्या ओळीवर जायचं. शेवटच्या पानावर ते थबकलं. भन्ते मठाचं नाव वाचून, न अडखळता, पुढे गेले.

"हं," चांगुणाबाई पुटपुटल्या.

शेजारी बसलेल्या प्रभावतीनं मान वर केली नाही.

जेवणाच्या पंगतीत साहेबराव वाढप्याला बाजूला सारून स्वतः आले. "वहिनी, पाहुणे खूश हायेत. नजर म्हणजे नजर!"

"एका नजरेचं काम न्हाई भावजी ते," चांगुणाबाई म्हणाल्या. "दोघी बसलो होतो. वरण वाढा, भात कोरडा पडला."

सोमवारी परतूरची पत्रिका होती. मंगल परिणय, बारीक अक्षर, दोन्ही घरचे चुलते-मामे. प्रभावतीनं प्रिंट काढली, नेहमीप्रमाणे स्टूल खुर्चीसमोर ओढलं आणि घसा साफ केला. चांगुणाबाईंनी चष्मा लावला. गिऱ्हाइकाचा कागद मात्र त्यांनी उचलला नाही. त्या उठल्या, खुर्ची फरशीवरून खरखर ओढत नेली आणि स्टुलाच्या शेजारी, खेटून लावली. शिवाजीनं मशीनवरून वळून बघितलं.

"काय झालं माय?"

"तुझं काम कर."

त्या बसल्या. सुनेच्या हातातल्या कागदावर वाकल्या.

"वाच," म्हणाल्या. "पण जल्दी करू नको आज. एकेक वाच. बोट ठेवून."