दुसरा फटका

तिनं उंदराला तळहातावर घेऊन अलगद पाण्यात सोडलं आणि घड्याळाची कळ दाबली. उंदीर टाकीच्या कडेकडेनं पोहायला लागला. दुधाळ पाण्याखाली मधोमध एक बुटका चौथरा होता. सरावलेला धडधाकट उंदीर सरळ त्याच्याकडे जातो, वर चढतो आणि मिशा पुसत बसतो. हा मात्र भिंतीला नाक घासत गोल गोल फिरत राहिला.

“रोजचा रस्ता, पण याच्या डोक्यातनं पार पुसून गेलाय,” मामा म्हणाले. “काढा ताई त्याला. दमला तो.”

मामा पिंजऱ्यांची देखभाल करायचे. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामा म्हणायची आणि ते उंदरांना ‘मंडळी’ म्हणायचे. मंडळींचं जेवण झालं, मंडळी आज रुसलीत, असं त्यांचं दिवसभर चालायचं. त्यांनी पंचा पुढे केला. तिनं भिजलेला उंदीर त्यात गुंडाळला. त्याचं अंग थरथरत होतं, आणि ते काही नुसत्या गारठ्यानं नव्हतं.

गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याची भट्टी होती. तिचा धूर आजूबाजूच्या मळ्यांवर बसायचा. त्या मळ्यांतली पालेभाजी वाळवून ती या उंदरांच्या खाण्यात मिसळत होती. पलीकडच्या पिंजऱ्यांतल्यांना लांबून आणलेली स्वच्छ भाजी मिळायची आणि ते बिनचूक चौथरा गाठायचे. भट्टीजवळच्या वस्तीतल्या मुलांचं रक्तही तिनंच तपासलं होतं. त्यात सापडलेलं शिसं बघून डॉक्टरांनी काही मुलांना लगेच दवाखान्यात ठेवून घेतलं आणि भट्टी तात्पुरती बंद करण्याचा हुकूम निघाला. तेव्हापासून भट्टीवरचे कामगार घरी बसून होते. प्रयोगशाळेच्या फाटकावर कुणीतरी शेण फेकलं होतं. ‘उंदीरवाली बाई’ असं ओरडून एक सायकलवाला तिच्या अंगावर थुंकला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले होते, चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील.

सर आज बैठकीला गेले होते. ती पुढचा उंदीर उचलायला वळली आणि खिडकीची काच फुटून टाकीत पडली.

दुसरा दगड मामांच्या खांद्याला लागला. मग फाटकाकडून एक मोठा आवाज आला, आधी कुणाच्या तरी शिव्यांचा आणि मागोमाग लोखंडावर लोखंड आपटल्याचा. पहारेकरी एकदाच ओरडला.

“आत जा,” मामा म्हणाले. त्यांनी तिला दंडाला धरून नमुन्यांच्या खोलीत ढकललं. “कडी लावा. मी बोलतो त्यांच्याशी. त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत.”

तिनं कडी लावली. दाराला हातभर काच होती, तिच्यातून सगळं दिसत होतं.

ते दहाबारा जण असतील. कुणाच्या हातात गज, कुणाकडे फावडं. मामा दोन्ही हात पसरून पिंजऱ्यांसमोर उभे राहिले.

“अरे, मुकी जनावरं आहेत रे! त्यांनी काय केलंय तुमचं?”

“त्यांनीच तर केलंय सगळं!” एक जण ओरडला आणि त्यानं मामांच्या हातावर गज घातला. काचेपलीकडूनही तिला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. मामा वाकले. दुसऱ्यानं त्यांच्या तोंडावर मारलं. ते पडले, तरी उठायला बघत होते. गुडघ्यावर येत होते आणि लाथ बसली की पुन्हा आडवे होत होते. त्यांच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडला.

मग पिंजऱ्यांची अख्खी मांडणीच खाली आली. उंदीर सुटून फरशीवर पळू लागले आणि माणसं बुटांनी त्यांना चिरडू लागली. आधी संतापानं, मग खेळल्यासारखी. एक जण मोठ्यानं हसत होता. भट्टीजवळची भाजी खाल्लेले उंदीर पळायचं सोडून जागच्या जागी फिरत होते. ते आधी मेले. टाकी कलंडली आणि पांढरं पाणी लाल होत दाराच्या फटीतून तिच्या पायांपर्यंत आलं.

तिनं फोन शोधला. तो बाहेर टेबलावर राहिला होता. तिच्या तोंडातून आवाज निघत होता, पण तो आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं. हाताला काचेच्या नळ्या अडकवायचा लोखंडी स्टँड लागला. तो जड होता. ती दाराकडे बघत राहिली. बाहेर मामा आता उठायला बघत नव्हते.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे, अंगणाकडचं दार उघडलं. त्या दाराची तिला आठवणच राहिली नव्हती.

तोंडाला कापड बांधलेला एक उंच माणूस आत आला. त्याची नखं, मनगटं भट्टीच्या काजळीनं कायमची काळी झालेली होती. त्यानं हात पुढे केला आणि तो काहीतरी म्हणाला. तिनं स्टँड दोन्ही हातांनी वर उचलून त्याच्या डोक्यावर घातला.

तो गुडघ्यांवर आला. तोंडावरचं कापड सरकलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनं पुन्हा मारलं. तो कुशीवर पडला आणि त्यानं डोकं हातांत घेतलं, म्हणून तिनं हातांवर मारलं. हात बाजूला झाल्यावर कानावर मारलं. स्टँडचा दांडा वाकेपर्यंत ती मारत राहिली. नंतर पोलिसांनी दार फोडलं तेव्हा ती वाकलेला स्टँड घेऊन कोपऱ्यात उभी होती आणि तो खाली पडून घोरल्यासारखा श्वास घेत होता.

बाकीचे भिंतीवरून पळून गेले होते.

“शाब्बास मॅडम,” इन्स्पेक्टर म्हणाले. “तुमच्यामुळं एक तरी हाती लागला. काही बोलला का हा?”

“काहीतरी म्हणाला,” ती म्हणाली. “ऐकू आलं नाही.”

पुढच्या दिवसांत तिचं कौतुक व्हायला लागलं. सरांनी सगळ्यांसमोर तिला वाघीण म्हटलं. तिचा भाऊ फोनवर म्हणाला, “तुला झुरळ मारता येत नव्हतं, आणि बघ!” ती हसली नाही. तिचे तळवे दुखत होते आणि ते दुखणं ती कुणाला दाखवत नव्हती. मामांचा जबडा तारांनी बांधला होता. ती भेटायला गेली की ते डाव्या हातानं चादरीवर दोन बोटं चालवून मंडळींची विचारपूस करायचे. “बरेचसे वाचले,” असं ती सांगायची. एकही वाचला नव्हता.

मुलांच्या रक्ताच्या बाटल्याही त्या दिवशी फुटल्या होत्या. औषधानं अंगातलं शिसं किती उतरलं हे त्या रक्तावरून कळणार होतं. ते पुन्हा घ्यायला ती सुयांची पेटी घेऊन मुलांच्या विभागात गेली. नर्सनं विचारलं, “मी काढू का?” ती म्हणाली, “नको. मुलं मला ओळखतात.”

खिडकीजवळच्या खाटेवर सहासात वर्षांची एक मुलगी आईला टेकून बसली होती. मुलीला पाहताच ती वाटेतच थांबली. मागच्या वेळी ही मुलगी रक्त द्यायला बापाच्या कडेवर बसून प्रयोगशाळेत आली होती. परतताना फाटकाशी गर्दी होती, म्हणून बापलेकींना तिनं स्वतःच अंगणाकडच्या दारानं बाहेर सोडलं होतं.

आईनं तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

“तुम्हीच ना?”

“हो.”

“ते वरच्या मजल्यावर आहेत. बेडी घातलीय खाटेला. उजवी बाजू हलत नाही त्यांची. पाणी मागायचं असलं तरी शब्द सापडत नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “ते त्या लोकांबरोबर नव्हते, मॅडम. गर्दी निघाल्याचं कळलं तसे ताटावरून उठले. म्हणाले, ती बाई आत एकटी असेल, मागचं दार मला माहीत आहे. तोंड बांधलं, कारण या लोकांनी ओळखलं असतं तर उद्या आम्हाला वस्तीत राहू दिलं नसतं. हे मी पोलिसांना सांगितलं. ते म्हणतात, बायको असंच सांगणार.”

ती पेटीची मूठ धरून उभी होती.

“त्यांनी तुम्हाला काही सांगितलं असेल ना?” आई म्हणाली. “आठवून बघा.”

आठवायला काही नव्हतं. तिला रोज ते ऐकू येत होतं.

“‘ताई, चला, इकडून बाहेर पडा,’ असं म्हणाले.”

“मग?”

“तोवर माझा हात उचललेला होता. फटका बसला.”

“डॉक्टर म्हणाले, पुष्कळ फटके आहेत.”

“हो.”

“मग नंतरचे?”

शेजारच्या खाटेवर कुणाचं तरी मूल खोकत होतं. तिनं पेटी खाली ठेवली.

“कापड सरकल्यावर मी त्यांना ओळखलं होतं,” ती म्हणाली. “ते काय म्हणाले तेही कळलं होतं. बाहेर मामांना मारत होते. मला कुणालातरी मारायचं होतं. ते समोर होते.”

आईनं मुलीला उचललं आणि दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे बसवलं. पदर तिच्या डोक्यावरून ओढला.

ती तिथेच उभी राहून इन्स्पेक्टरांशी फोनवर बोलली. जबाब बदलायचाय, म्हणाली. पलीकडून ते काय म्हणतायत ते आईलाही ऐकू जात होतं. मॅडम, घाईनं काही बोलू नका. आत्ता तो आत आहे, उद्या तुम्ही आत जाल. वकिलाला विचारा, सरांना विचारा.

“मी दवाखान्यातच आहे,” ती म्हणाली. “तुम्ही या.”

फोन ठेवून तिनं पेटी उचलली. “रक्त दुसरं कुणीतरी घेईल. नर्सला सांगते.”

ती दारापर्यंत पोचली होती.

“थांबा,” आई म्हणाली. “ही नर्सला हात लावू देत नाही. काल सगळा विभाग डोक्यावर घेतला होता.” तिनं पदर बाजूला करून मुलीची बाही वर गुंडाळली. “हात धुऊन या.”

कोपऱ्यातल्या नळावर तिनं हात धुतले. साबण दोनदा निसटला. परत आली तेव्हा मुलगी आईच्या मांडीवर दंड आपणहून पुढे करून बसली होती. तिनं पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली. शीर बारीक होती, सारखी सरकत होती.

आईनं मुलीचं मनगट घट्ट धरलं.

“एकदाच टोचा,” ती म्हणाली.