सराफाच्या पेढीवरची टिटवी

मित्रांनो, मी एक जुनी टिटवी आहे. दचकू नका आणि आकाशाकडेही बघू नका. मला पंख नाहीत. जाड पेनाएवढं माझं अंग, टोकाला तांब्याची बारीक चोच, पाठीवर एक बटण आणि पोटात दोन सेलांची जागा. खडा हिऱ्याचा की काचेचा, हे सांगणारं मी एक यंत्र. सध्या माझ्या पोटात सेल नाहीत. मग मी बोलते कशी, असं विचारू नका. म्हातारीला गोष्ट सांगायला सेल लागत नाहीत, ऐकणारं कुणीतरी लागतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. माझी चोच बसवणारी बाई त्या दिवशी सर्दीनं बेजार होती. ऐन वेळी ती शिंकली आणि माझी चोच केसभर वाकडी बसली. म्हणूनच माझा आवाज माझ्या सगळ्या बहिणींपेक्षा कर्कश निघाला. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगत आले आहे.

माझं काम सोपं आहे. बटण दाबलं की माझी चोच तापते. ती खड्याला टेकवायची. काच ती ऊब घेताना आढेवेढे घेते. हिरा मात्र उन्हातून आलेल्या माणसानं तांब्याभर पाणी प्यावं तशी ती गटागटा पिऊन टाकतो. चोच गार पडली की मी ओरडते, टी टी टिऽऽव! काचेवर मी गप्प बसते. मला एवढंच येतं. हे जरा ध्यानात ठेवा.

मी पेढीवर आले त्या दिवशी सराफांची आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. माझा पहिला आवाज ऐकून तिनं कानांवर हात ठेवले.

"अगं बाई! हे टिटवीसारखं काय ओरडतंय? दारात टिटवी ओरडणं चांगलं नाही हो."

"आई, ही ओरडली की शुभच," सराफ हसून म्हणाले. "गप्प बसली तर अशुभ."

"बघशील तू. ही धंदा बसवील एक दिवस."

म्हातारी पुढे वारली. तिचं वाक्य मात्र खुंटीवरच्या छत्रीसारखं पेढीवरच लटकत राहिलं.

माझी उमेदीची वर्षं काय सांगू! काळ्या मखमलीवर अंगठी ठेवली जायची. सराफ मला उचलायचे आणि माणसं श्वास रोखायची. मी ओरडले की कुणाचं लग्न ठरायचं, कुणाची मान ताठ व्हायची. एकदा एका जावईबापूंनी सासूबाईंसाठी काचेची अंगठी हिऱ्याची म्हणून आणली. मी गप्प बसले. माझं ते गप्प बसणं इतकं मोठं झालं की शेजारचा शिंपी कात्री टाकून धावत आला, "काय झालं, काय पडलं?" म्हणत. जावईबापू त्यानंतर त्या रस्त्यावर दिसले नाहीत. खोटं वाटत असेल तर शिंप्याला विचारा. तो आता नाही, हा माझा दोष नव्हे.

माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे बंगल्यातल्या थोरल्या वहिनी. त्यांच्या लग्नातली अंगठी सराफांनीच घडवली होती, आणि तिच्यात डाळिंबाच्या दाण्याएवढा हिरा होता. लग्नाच्या फोटोत मधोमध कोण उभं राहणार, घरातला वाद कोणाच्या शब्दानं मिटणार, हे सगळं त्या दाण्यावर ठरायचं. दरवर्षी वहिनी अंगठी साफ करायला आणत. बरोबर नणंद किंवा धाकटी जाऊ असेच. एकट्या कधी येत नसत. साफसफाई झाली की म्हणत, "सराफभाऊ, टिटवीला उठवा जरा."

खरं तर तपासण्याची काही गरज नव्हती. पण मी ओरडायची आणि वहिनी नणंदेकडे बघून नुसत्या हसायच्या. त्या हिऱ्याची चव मला पाठ झाली होती. अंधारात लाखांतून ओळखला असता. पण ओळखीचा हिरा म्हणून वेगळं ओरडायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग ते नवे हिरे आले.

ते जमिनीतून निघत नव्हते. लोखंडी पेटीत वायू भरून, भट्टीसारखी उष्णता देऊन, थरावर थर चढवून माणसं ते वाढवत होती. काही आठवड्यांत तयार! सराफांनी पहिला नवा खडा मखमलीवर ठेवला आणि माझी चोच टेकवली. मी ऊब दिली. त्यानं ती गटागटा प्यायली. मी ओरडले. तो हिराच होता, अगदी अस्सल. सराफांनी मला खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांनी दोन कप्पे केले. उजवीकडे खाणीतले, डावीकडे घडवलेले. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून विकत. डावा कप्पा भराभर रिकामा होऊ लागला. जी माणसं पूर्वी काचेबाहेरून बघून पुढे जायची, ती आता आत येऊन बसू लागली. बसची तिकिटं फाडणाऱ्याच्या बायकोच्या बोटात वाटाण्याएवढा हिरा चमकू लागला. मला तर गंमतच वाटली. पण बंगल्यांमधून कुजबुज सुरू झाली. ज्यांच्याकडे जुने हिरे होते, ते आता अंगठी दाखवताना लगेच म्हणू लागले, "आमचा खाणीतला, हं!" बोटाच्या आधी जीभ चमकू लागली. आणि माझ्या ओरडण्यावर श्वास रोखणारं कुणी उरलं नाही.

थोरल्या वहिनींच्या मुलाचं लग्न परवावर आलं होतं. शेवटची खरेदी करायला त्या आल्या, बरोबर नणंद आणि धाकटी जाऊ. धाकटी दवाखान्यात नर्स होती. तिनं स्वतःच्या पगारातून एक अंगठी घेतली होती, घडवलेल्या हिऱ्याची. तो खडा वहिनींच्या खड्याच्या दुप्पट मोठा होता.

पेढीवर एक नवा विक्रेता होता. त्यानं तिघींकडे पाहिलं, धाकटीच्या बोटाकडे पाहिलं आणि मधली गादीची खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "या बाईसाहेब, बसा." पाण्याचा पेला आधी तिला दिला. वहिनी उभ्याच होत्या.

धाकटी चटकन उठली. "अहो, नाही. ताई, तुम्ही बसा."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "बस की. मोठी झालीस."

"ताई, माझा लॅबमधला आहे. मी लपवते का?"

"लपवत नाहीस, पण सांगतही नाहीस."

"विचारलं तर सांगते. बोटाला पाटी बांधून फिरू का?"

नणंद फिस्कन हसली. ते हसू कुणाच्या बाजूचं होतं कळलं नाही, आणि तेच वहिनींना लागलं.

"सराफभाऊ, टिटवी आणा."

सराफांनी मला आणलं. वहिनींचा हिरा, टी टी टिऽऽव. धाकटीचा हिरा, टी टी टिऽऽव.

"घ्या!" नणंद म्हणाली. "टिटवीला दोघी सारख्याच."

सराफ मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, हिच्याकडून हा फरक व्हायचा नाही. शहरात मोठं यंत्र आहे, ते सांगतं. पाठवतो. पंधरा दिवसांत येईल."

"लग्न परवा आहे. परवा सगळे माझ्याकडे बघणार आहेत की हिच्याकडे?" वहिनींचा गळा लाल झाला होता. मग त्या एकदम शांत झाल्या. मला ती शांतता आवडली नाही. "माझे आजोबा सांगायचे, खरा हिरा ऐरणीवर ठेवून घाव घातला, तर ऐरणीत रुतेल, पण फुटायचा नाही. तुमच्याकडे ऐरण आहे ना?"

पेढीतली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"वहिनी, ती बोलायची गोष्ट," सराफ म्हणाले. "हिरा कठीण असतो, चिवट नसतो. काचेवर रेघ ओढेल, पण घाव बसला तर चिरतो. खाणीतला असो की घडवलेला."

"विकताना नाही हो सांगितलंत, फुटतो म्हणून?" नणंदेनं विचारलं.

"का, घाबरलात सराफभाऊ?" वहिनी म्हणाल्या.

मित्रांनो, सापळा कसा लागतो बघा. सराफ 'नाही' म्हणाले असते, तर सगळ्यांनी म्हटलं असतं, खोटा विकला म्हणून भितो. 'हो' म्हणाले, तर हिरा जाणार. मी मखमलीवर पडून होते आणि माझी चोच अजून तापलेली होती.

धाकटीनं आपली अंगठी काढून टेबलावर ठेवली. "ताई, माझा खोटा. झालं? सगळ्यांसमोर सांगते. चला आता, साड्यांना उशीर होतोय."

"तू सांगून काय उपयोग?" वहिनी म्हणाल्या. "हिऱ्यानं सांगायला हवं."

सराफांनी मागच्या खोलीतल्या कारागिराला मान हलवून खूण केली. मला वाटतं, ऐरण समोर आली की वहिनी थांबतील असा त्यांचा होरा होता. कारागिरानं वहिनींच्या अंगठीच्या कोंदणाचे दात उचलून खडा काढला, छोट्या ऐरणीवर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही मारणार, मालक."

वहिनींनी हातोडी उचलली.

टक.

एवढासा आवाज. माझ्या ओरडण्यापेक्षा कितीतरी लहान. ऐरणीवर पांढरी भुकटी होती, दोन-चार कण होते आणि त्यांच्यावर दिवा चमकत होता.

"अगं बाई," नणंद म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं...?"

सराफांनी मला उचललं आणि सगळ्यात मोठ्या कणाला माझी चोच टेकवली. मी ओळखला त्याला. तीच चव. जन्मात ओरडले नव्हते इतक्या जोरात मी ओरडले. हाच तो! खाणीतला! लग्नातला! माझ्या तोंडून मात्र तेच निघालं, टी टी टिऽऽव.

"ती काय, आता सगळ्यावरच ओरडते," मागून एक गिऱ्हाईक म्हणालं.

नणंदेनं डोळे बारीक केले. "वहिनी, मी बरोबर नसायचे तेव्हाही अंगठी साफ करायला तू इथंच देत होतीस ना?"

आता वहिनींनी एक शब्द बोलायचा होता. अंगठी कधी नजरेआड होऊ दिली नाही, समोर बसूनच साफ करून घेतली, एवढं सांगायचं होतं. त्यांनी भुकटीकडे पाहिलं, हातातल्या हातोडीकडे पाहिलं, मग सराफांकडे पाहिलं. आणि त्या गप्प बसल्या.

जावईबापूंच्या वेळी मी गप्प बसले होते, ते आठवलं मला. हे गप्प बसणं त्याहून मोठं होतं. या वेळी शेजारचंच काय, सगळं गाव धावत आलं.

गिऱ्हाइकं आधी एकेक करून आपले दागिने तपासायला आली, मग ते मोडीत परत द्यायला आली, मग येईनाशी झाली. विक्रेता गेला, कारागीर गेला. ज्या दिवशी पेढीची पाटी उतरवली, त्या दिवशी सराफ म्हणाले, "आई, तुझं खरं झालं." दाराशी असलेली तिची खुर्ची तर कधीच रिकामी झाली होती.

वहिनींनी दुसऱ्या दुकानातून नवी अंगठी घेतली. खडा धाकटीच्या खड्याहून मोठा होता. कुणी विचारलं, तर त्या सांगत, "खाणीतला, हं!" धाकटीनं आपली अंगठी पुन्हा घातल्याचं मी ऐकलं नाही.

सराफ आता दोन खोल्यांच्या घरात राहतात. टेबलाच्या खणात मी आणि माझ्याशेजारी कागदाच्या पुडीत ते कण. एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. थोरल्या वहिनी होत्या. या वेळी एकट्या.

त्या खुर्चीच्या काठावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुकडे ठेवलेत?"

"आहेत."

"त्या मोठ्या यंत्राकडे पाठवलेत?"

"नाही."

"का? तुमचं नाव धुऊन निघालं असतं."

सराफांनी चष्मा काढून पुसला. "रोज सकाळी पाकीट तयार करतो, वहिनी. पण खरा निघाला, तर तो कुणी फोडला, हे तुम्हाला उरलेलं सगळं आयुष्य माहीत असणार. मग संध्याकाळी पाकीट उघडतो."

वहिनींनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "टिटवीला उठवा जरा. नुसतं ऐकायचंय."

सराफांनी पुडी उघडली. माझी चोच तापली, मी ती जुनी चव घेतली आणि ओरडले. वहिनींनी डोळे मिटले. ओठ हलले, "हो म्हणाली." मग डोळे न उघडताच त्यांनी आपला हात पुढे केला, त्यावर ती नवी मोठी अंगठी होती. सराफ नको नको म्हणत होते. वहिनींनीच त्यांचं मनगट धरून माझी चोच त्या खड्यावर आणली.

टी टी टिऽऽव.

अगदी तोच आवाज. केसाचाही फरक नाही.

वहिनी उठल्या आणि दार ओढून न घेता गेल्या. सराफांनी माझ्या पोटातले दोन्ही सेल काढले, खिडकीतून अंधारात भिरकावले आणि खण बंद केला.

म्हणून मित्रांनो, तुमच्या हाती माझ्यासारखी कुणी आली, तर तिची चोच पुसत जा, काम झालं की सेल काढून ठेवत जा. आणि ती 'हो' म्हणाली, तर आधी आठवा, आपण तिला विचारलं काय होतं. कुणाला दाखवण्यासाठी म्हणून तुमच्याजवळचं काहीही ऐरणीवर ठेवू नका. जे ठेवाल ते खरं असलं तरी फुटतं, आणि फुटलेल्याची बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

मी इथे खणात आहे. कण माझ्याशेजारी आहेत. माझी चोच अजून शाबूत आहे, आणि सेल तर कुठल्याही दुकानात मिळतात.