बँकेचं गाऱ्हाणं

आमच्या कट्टा गावात लोक बँकेत शिरताना चपला बाहेर काढतात. तसा नियम कोणी केलेला नाही. पायरीशी आलं की पाय आपोआप चपलेतून निघतो आणि चपला टोकं दाराकडे करून तशाच पडून राहतात. त्या दिवशी सकाळी मी दार उघडायला आले, तेव्हा पायरीखाली पुष्कळ चपला होत्या आणि बहुतेकांची टोकं रस्त्याकडे होती. काढल्यावर वाकून, हाताने फिरवून ठेवलेल्या. निघायची घाई झाली तर शोधत बसायला नको म्हणून.

पडवी माणसांनी भरली होती. मी कुलूप काढलं तेव्हा सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

काय झालंय ते मला ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी देवळात मीही उभी होते.

आमची बँक म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी आणि अप्पा. अप्पांचं कापडाचं दुकान. घरोघर हिंडून त्यांनी ही बँक उभी केली, आणि तेच तिचे अध्यक्ष. तारकर्लीच्या लोकांना होड्यांसाठी कर्जं दिली ती माणूस बघून. दोन हंगाम मासळी लागली नाही, तेव्हा हप्ते थकले आणि अप्पांनी किनाऱ्यावर जाऊन सांगितलं, "मी आसय तोवर होडयेक कोण हात लावचो नाय."

त्याच दोन वर्षांत दक्षिण कोकण बँक वाढत होती. तिने खारेपाटणची पतपेढी घेतली, मग मालवणातली एक छोटी बँक घेतली. जिथे घेतली तिथे नवा रंग, नवा फलक, आणि थकबाकीदारांच्या दारात वसुलीची जीप. चतुर्थीच्या आधी आमची बँक घ्यायचा तिचा प्रस्ताव आला. संचालकांनी माना डोलावल्या आणि शेवटचा शब्द अप्पांवर सोडला. अप्पा म्हणाले, "बघूया." दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. त्या बँकेच्या मालवणच्या साहेबांना अप्पांनी फोनवर एकदा हो म्हटलं आणि चार दिवसांनी फिरवलं. पुन्हा हो म्हटलं, पुन्हा फिरवलं.

बँकेचे हिशेब मीच बघत होते. ठेवी होत्या, पण त्यांतला मोठा भाग होड्यांच्या रूपाने वाळूत पडून होता. आम्ही उभे होतो ते कोणी एकदम मागायला येत नव्हतं एवढ्यावर. हे मी अप्पांना कितीदा सांगितलं. ते ऐकून घेत आणि चष्मा पुसत.

शेवटी माणूस जे करतो ते त्यांनी केलं. नारळ घेऊन देवळात गेले.

आमच्याकडे गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. ते मोठ्याने घालायचं असतं, काय अडलंय ते नाव घेऊन सांगायचं असतं आणि जमलेल्यांनी त्याला रुकार द्यायचा असतो. धोंडू गुरवाचा आवाज बाजारपेठेच्या टोकापर्यंत जातो. त्याने अप्पांचा नारळ पुढ्यात घेतला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज तुजो लेकरू अप्पा तुज्या पायाकडे इलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बँकेर जा काय संकट इलेला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गोरगरिबांचो पैसो तेच्यात आसा, तो बुडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडले. लहानपणापासूनची सवय. शब्द तोंडातून गेला आणि मग मला त्याचा अर्थ कळला: बँक बुडायला आलीय, हे आम्ही सगळ्या बाजारपेठेला ओरडून सांगत होतो. बाजूच्या बाईनेही तेव्हाच माझ्याकडे वळून पाहिलं. अप्पा डोळे मिटून हात जोडून उभे होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

कॉलेजात एक प्रयोग असायचा. गरम पाण्यात एक विशिष्ट क्षार विरघळवत जायचा, थंड पाण्यात मावेल त्याहून जास्त, आणि द्रावण न हलवता थंड करायचं. ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. मग त्याच क्षाराचा एक खडा टाकायचा. डोळ्यांदेखत सगळं गोठून दगड होतं.

सकाळी खिडकी उघडली तशी तारकर्लीची सुभद्रा पुढे आली. पहिल्या एसटीने आली होती. तिच्या मुलाची, लवूची, होडी आमच्याच कर्जावरची.

"विमलाबाय, माजे पैसे माका होये."

"सगळे?"

"सगळे. चेडवाचा लगीन आसा."

"गेल्या वर्षी झालं ना गो तिचं लग्न?"

"तर दुसऱ्यांदा लावतंय," ती म्हणाली. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सुभद्रा हसली नाही. तिचे डोळे तिजोरीवर होते.

मी पैसे दिले. तिच्यामागच्याला दिले. त्याच्यामागच्यालाही. नोटा मोजताना बोटांना घाम येत होता आणि नोटा एकमेकींना चिकटत होत्या. जितकं हळू मोजावं तितकी खिडकीपुढची माणसं पुढे रेटत. आमचा शिपाई गंगाराम माझ्या कानाशी आला. "बाय, दुपारपर्यंत तरी पुरतले?" मी पुढचं पुडकं सोडलं.

आतल्या खोलीत अप्पा फोनपाशी बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता.

"दार लाव गो," ते म्हणाले. "आज सुट्टी म्हणान सांग."

"दार लावलं तर उद्या उघडता येणार नाही, अप्पा."

"मगे काय करू?"

मी मालवणला फोन लावला. साहेबांचा आवाज शांत होता. "अध्यक्षांनी होकार दिला तर रोकड घेऊन जीप आत्ता निघेल. सभासदांची सभा, वरची मंजुरी, ते सगळं रीतसर होईल. पण फोनवरचा होकार आता मला चालणार नाही, बाई. तो दोनदा ऐकला. लोकांसमोर जाहीर करा. आमचा कट्ट्यातला माणूस तिथे उभा आहे, तो मला कळवील."

मी ते जसंच्या तसं अप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"लवूच्या होडयेचा काय होतला?"

"नेतील कदाचित."

"कदाचित नाय, नेतलेच. खारेपाटणात बघलंस ना?"

"बघितलं. आणि आज आपण बुडालो तर सुभद्रेच्या मागे उभे आहेत त्यांचे पैसेही जातील, आणि होडीही जाईल. वसुलीला कोणीतरी येईलच."

हे बोलताना माझाच आवाज मला परका वाटला. गणित बरोबर होतं. पण लवूला शब्द मी दिलेला नव्हता.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. रेटारेटीत पडवीतलं बाक उलटलं होतं. एक म्हातारा खाली बसला होता आणि त्याच्या अंगावरून माणसं पुढे सरकत होती. कोणीतरी ओरडलं, "तिजोरी रिकामी झाली!" ती झाली नव्हती, पण आता त्याने फरक पडणार नव्हता. गंगाराम दोन्ही हात पसरून खिडकीला पाठ लावून उभा राहिला.

अप्पा उठले. दारापर्यंत गेले, थांबले, चौकट धरली. मग पडवीत गेले. माणसं मागे सरली, पण थोडीच. अप्पांनी घसा खाकरला आणि कचेरीतली भाषा काढली. "सभासद बंधूंनो आणि भगिनींनो, परिस्थितीचा सर्वांगीण विचार करता..."

"अप्पानू!" सुभद्रा पायरीवरून ओरडली. पैशांचं पुडकं तिने पदरात घट्ट धरलं होतं. "देवाक सगळा सांगलास. आमका कित्याक नाय सांगलास?"

कोणी हसलं नाही. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या लवूकडे. लवू मान खाली घालून चपलांकडे बघत होता. मला वाटलं, हे आताही फिरवतील. मला वाटलं, हे इथेच कोसळतील.

त्यांनी हात जोडले, देवळात जोडले होते तसेच, पण या वेळी डोळे उघडे ठेवून.

"सांगतंय," अप्पा म्हणाले. "आपली बँक मोठ्या बँकेत जाता. तुमचो पैसो ऱ्हवतलो. होडयो ऱ्हवतल्यो काय नाय, ता आता माज्या हातात नाय. मी व्हय म्हटलंय."