समुद्रावरचं अळणी

बाळगोंडाचा बेत साधा होता. निपाणीहून व्हिडिओ कॉलवर विषय काढला की गोमटेशची रेंज जायची. माल्टाला त्याच्या फ्लॅटवर जाऊन काढला असता तर त्याला ऑफिसचं काम आठवलं असतं. पण बोटीवर बसवून विषय काढला, तर पोरगं जाऊन जाऊन जाणार कुठं? चारी बाजूंनी भूमध्य समुद्र.

तंबाखूच्या वखारीत बसून त्यानं हे मला सांगितलं, तेव्हा मला ते बिनतोड वाटलं. त्याच बोटीवर आपणही असणार, आपल्यालाही कुठं जाता येणार नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आमची मैत्री कॉलेजपासूनची. बेळगावात खासबागेला एका खोलीत राहायचो, तेव्हापासून आम्ही असेच बेत करत आलोय.

बाळगोंडाचं घर जैन. घरात कांदा, बटाटा, गाजर येत नाही, कारण ते जमिनीखाली होतं. तंबाखू जमिनीच्या वर होतो, त्यामुळं त्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. एकुलता मुलगा गोमटेश बरीच वर्षं माल्टाला आहे. तिथं तो ऑनलाइन जुगाराच्या कंपनीत कंप्युटरवर काम करतो. बाळगोंडा गावात ‘बँकिंगसारखंच असतंय ते’ असं सांगतो, आणि हरणाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर ते खोटंही नाही.

त्याला कायमचं घरी आणायचं, एवढ्यासाठी ही सहल. बाळगोंडाला तो हवा होताच. पण खरी निकड होती राजमती वहिनींची.

दोन चातुर्मासांपूर्वी वहिनींनी मंदिरात, महाराजांच्यापुढं उभं राहून मीठ सोडलं. जैनांत असा नियम घेतात. कुणी महिनाभर दही सोडतं, कुणी वर्षभर तूप. महाराजांनी रीतीप्रमाणं मर्यादा विचारली. वहिनी म्हणाल्या, “पोरगं घरी राहायला येईपर्यंत.” शेजारच्या बायकांनी हात जोडले. मर्यादा घालावी ती आपल्या हातातली घालावी, एवढं मात्र तिथं कुणी सुचवलं नाही. तेव्हापासून वहिनींची भाजी, आमटी, भाकरी सगळं अळणी. गोमटेशला ‘बी.पी.’ सांगितलं होतं. त्याच्यावर ओझं नको म्हणून.

तर जूनमध्ये आम्ही पाचजण बोटीवर चढलो. बाळगोंडा, वहिनी, मी, माझी बायको जया आणि गोमटेश. बोट शिडाची, आठवड्यासाठी भाड्यानं घेतलेली, चालवणारा गोमटेशच. तसा परवाना त्यानं काढला होता. ज्या घरात दुधगंगेत पाय बुडवायचा तरी आधी आईला विचारायला लागायचं, त्या घरचं पोरगं दोऱ्या ओढत होतं, शीड फिरवत होतं. वहिनी त्याच्याकडं बघत होत्या. मला वाटलं, कौतुकानं. नंतर कळलं, त्या घाबरल्या होत्या. एवढं चांगलं जमतंय म्हणजे तो इथलाच झाला.

बाळगोंडानं पाळ्या लावल्या होत्या. पहिली माझी.

मी सकाळी गोमटेशच्या शेजारी जाऊन बसलो. “निपाणी आता लई बदलली रं,” म्हटलं. “हायवेला मोठी हॉटेलं झाली. पिझ्झा मिळतोय आता.”

“मष्णू काका,” तो सुकाणू न सोडता म्हणाला, “हितनं इटली नव्वद-शंभर किलोमीटर. पिझ्झ्यासाठी मी निपाणीला येऊ व्हय?”

मी परत खाली आलो. बाळगोंडा म्हणाला, “पिझ्झा कशाला काढलास? तुला सरळ सांगायला काय झालतं, आई थकली म्हणून?”

“तुझी पाळी आली की तू सांग.”

दुसऱ्या दिवशी जयाची पाळी. जया मुळातच विषयाच्या आजूबाजूनं जाणारी बाई नाही. ती म्हणाली, “बाबा, तुझं लग्न करायचं हाय. चिकोडीची पोरगी हाय एक, दिव्या. डॉक्टर हाय. गोरी न्हाय, पण हुशार हाय. दवाखाना घालून देतील.”

“तिचा मेसेज आलता मला, काकी.”

“आलता?” जया खुलली. “काय म्हणाली?”

“माल्टाला डॉक्टरांना नोकऱ्या मिळतात का, विचारत होती.”

जया त्या दिवशी दुपारभर आडवी पडून होती. बोट लागली म्हणाली.

तिसरी पाळी खुद्द बाळगोंडाची. तो आंघोळ करून, भगवंताचं नाव घेऊन वर गेला. लांबून आम्हाला दोघांच्या पाठी दिसत होत्या. बाप-लेक बराच वेळ शेजारी बसून होते. बाळगोंडाची मान मधनंमधनं हलत होती. वहिनी हातातली डाळ निवडायच्या थांबल्या होत्या. तो खाली आला तेव्हा मी हळूच विचारलं, “काय बोललास?”

“वारा कुठनं येतोय, ते विचारलं.”

“आणि?”

“वायव्येकडनं.”

चौथ्या दिवशी आम्ही गोझो नावाच्या बेटाला लागलो. गोमटेशनं आईला खास दाखवायचं म्हणून एक ठिकाण काढलं होतं. किनाऱ्याच्या पिवळ्या खडकात कोरलेली चौकोनी खाचरं, शेकड्यांनी. त्यांत समुद्राचं पाणी साठवतात, उन्हानं ते आटतं, आणि खाली मीठ उरतं. पांढरंशुभ्र. एवढ्या मोठ्या जगात या पोरानं अळणी खाणाऱ्या आईला दाखवायला नेमकं मिठागर शोधलं. पण त्याचा दोष काय? त्याला माहीतच नव्हतं.

एक म्हातारी तिथं मिठाची पाकिटं विकत होती. गोमटेशनं एक घेतलं, फोडलं, चिमूटभर मीठ आईपुढं धरलं. “चव घे नुसती. आपल्याकडच्यासारखं न्हाय. एवढ्यानं बी.पी. वाढत न्हाय.”

“नको रं.”

“जिभेवर ठेव. चार दाणे.”

“नको म्हटलं न्हवं?”

“आई, मी लहान असताना तू मला ‘एक घास’ म्हणून अख्खी भाकरी चारायचीस. आता माझे चार दाणे घेईनास?”

वहिनींनी पदर तोंडावर धरला. बाळगोंडा समुद्राकडं बघायला लागला. आणि माझ्या बायकोला राहवलं नाही.

“अरे बी.पी. कसला! तुझ्या आईचा बी.पी. माझ्यापेक्षा बरा हाय. तुझ्यापायी सोडलंय तिनं मीठ. तू घरी येईपर्यंत.”

गोमटेशचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यानं ती चिमूट झटकली, आणि आम्ही बोटीवर आलो.

बोट सुटली, किनारा मागं गेला, तेव्हा त्यानं विचारलं, “कधीपासनं?”

“गेल्याच्या गेल्या चातुर्मासात,” वहिनी म्हणाल्या.

“मला न विचारता?”

“मीठ माझं, जीभ माझी. तुला काय विचारायचं त्यात?”

“पण यायचं तर मला हाय न्हवं?”

“ते तुझं तू बघ. मी काय ये म्हटलं का? कधी तरी फोनवर म्हटलं का?”

ही गोष्ट खरी होती. त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. म्हणायला आम्ही तिघं आलो होतो.

गोमटेशनं सुकाणू एका हातानं धरलं आणि आईकडं वळून बसला. आवाज चढवला नाही. “आई, मी येणार न्हाय. आज न्हाय, पाच वर्षांनी न्हाय. तिथं मी रस्त्यानं चाललो की बाळगोंडांचा पोरगा असतो. वखारीचा, गल्लीचा, मंदिराचा. हितं मला कोण वळखत न्हाय. मला तेच पाहिजे हाय. तुम्ही वाईट हाय असं न्हाय. मला यायचंच न्हाय.”

इतकी वर्षं ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी बोललं नव्हतं, त्यामुळं ती झालेली नव्हती. आता झाली. वहिनी नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या.

बाळगोंडा व्यापारी माणूस. सौदा बुडताना दिसला की त्याला तोड सुचते. “असं करूया,” तो म्हणाला. “दिवाळीत महिनाभर ये. घरात राहा. राहायला आलास की नियम सुटला म्हणूया. मग जा परत.”

“चालेल,” गोमटेश लगेच म्हणाला.

“न्हाय चालत,” वहिनी म्हणाल्या. “पाहुणा येतो तसा येणार, आणि मी मीठ खाऊ? ‘म्हणूया’ असं म्हणून नियम घेतला न्हवता मी.”

“मग महाराजांना विचारून सोडवून घे! प्रायश्चित्त घे!”

“कशाला? मला जड जात न्हाय.”

“मला जातंय!” गोमटेश एकदम ओरडला. “तू रोज अळणी खाणार, आणि मी हितं बसून चवीनं खाऊ? मग ऐक. तू मीठ खाईपर्यंत मलाही मीठ वर्ज्य.”

त्यानं खिशातलं मिठाचं पाकीट काढलं आणि समुद्रात टाकलं. समुद्राला त्यानं काही फरक पडला नसावा.

“गोमटेश, मागं घे,” बाळगोंडा घाबरून म्हणाला. “नियम रागानं घ्यायचा नसतो.”

“घेतला.”

“अरे, भगवंतापुढं घेतात. हितं कोण हाय?”

“आई हाय.”

मी वहिनींकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं तो आनंद होता, मी दुसरा शब्द वापरणार नाही. पोरगं जुगाराच्या कंपनीत जाऊनसुद्धा आपलंच राहिलं, त्याला नियम घेता येतो. आणि मग तो आनंद उतरला. कारण पोरगं आपलंच, म्हणजे घेतलेला नियम मोडणार नाही. आपणही मोडणार नाही. तो येणार नाही. आपण मीठ खाणार नाही. म्हणून तो खाणार नाही.

“लेकरा,” त्या म्हणाल्या, “हे काय केलंस रं?”

“तू केलंस तेच.”

सहलीचे उरलेले दिवस बोटीवर दोन स्वयंपाक झाले. दोघांचा अळणी, तिघांचा नेहमीचा. मी आणि बाळगोंडा मान खाली घालून जेवायचो. जया मान वर करून जेवायची. म्हणायची, मी काय कुणाला सोडा म्हटलं न्हाय. गोमटेशला अळणी भात गिळवत नव्हता. वहिनी त्याला शिकवायच्या. लिंबू पिळ, मिरं घाल, घास बारीक घे, पाणी मधे पिऊ नको. किती वर्षांनी त्या पोराला काहीतरी शिकवत होत्या. लाटा बोटीवर उडायच्या आणि दोघांच्या ओठांवर खारं पाणी यायचं. दोघंही तत्परतेनं पुसायचे. अख्ख्या समुद्राला त्या दोघांनी तोंडात जाऊ दिलं नाही.

परत आल्यावर बाळगोंडा स्वस्थ बसला नाही. नियम देणारे महाराज आता दुसऱ्या गावी होते. त्यांच्याकडून सोडवून आणावं म्हणून तो एका रविवारी निघाला; मलाही बेळगावाहून बोलावून घेतलं. पोराला तरी मीठ खाता यावं म्हणून वहिनीही गाडीत बसल्या. सभामंडपात गर्दी होती. बाळगोंडानं आधी तिथल्या एका कार्यकर्त्याच्या कानात सगळं सांगितलं, म्हणजे महाराजांच्या कानावर नीट घालता येईल. कार्यकर्ता भला माणूस. त्याचे डोळे भरून आले. तो थेट माइककडं गेला.

“बंधू-भगिनींनो,” तो म्हणाला, “आपल्या निपाणीच्या राजमती आक्का आज इथं आल्या आहेत. त्यांनी मुलासाठी मिठाचा त्याग केला. आणि त्यांचा मुलगा! परदेशात, भर समुद्रात, आईसाठी त्यानंही मिठाचा त्याग केला! अशी आई, असा मुलगा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींना पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. मुलाची म्हणून दुसरी शालही त्यांच्याच हातात दिली. बायका पाया पडायला लागल्या. एका आजीनं नातवाला पुढं ढकललं, “बघ, आईसाठी असं करायला पाहिजे.” बाळगोंडा दोन-तीनदा उठला, दोन-तीनदा बसला. या सगळ्यानंतर ‘आम्ही नियम सोडवायला आलतो’ असं म्हणायची छाती त्याला झाली नाही. मलाही झाली नसती. आम्ही महाराजांना नमस्कार केला आणि परत फिरलो.

घरी आल्यावर वहिनींनी ताट घेतलं, तेवढ्यात गोमटेशचा कॉल आला. त्याची दुपार होती.

“तुझा सत्कार झाला,” वहिनी म्हणाल्या.

“माझा? कशाबद्दल?”

“मिठाबद्दल. शाल मी घेतली तुझी.”

“म्हणजे आता सोडता येत न्हाय.”

“न्हाय.”

“तुला?”

“मला तरी कुठलं सोडता येतंय?”

“काय केलीस?”

“वरण-भात. तू?”

“तेच.”

“लिंबू पिळलास?”

“व्हय.”

बाळगोंडानं फोन तांब्याला टेकवून उभा करून दिला. दोघं जेवायला लागले. बाळगोंडा त्यांच्याकडं थोडा वेळ बघत राहिला, मग स्वतःचं ताट उचलून आत स्वयंपाकघरात जाऊन बसला. त्याच्या आमटीत मीठ होतं.