अकरा नंबरचा सांधा

स्टेशनमास्तर रूळ ओलांडून येताना दिसले, तेव्हा फिटर अकरा नंबरच्या सांध्याचा बोल्ट आवळत होता. काम असलं की मास्तर फोन करत, खुर्ची सोडत नसत. आज ते उन्हात, डोक्यावर टोपी न घालता आले होते.

"दवाखान्यातून फोन होता," मास्तर म्हणाले. "वहिनी गेल्या."

फिटरने त्यांच्याकडे पाहिलं. पाना बोल्टवरच होता.

"दोन आटे राहिलेत," तो म्हणाला. "गाडी किती वेळात आहे?"

त्याने दोन आटे आवळले, सांधा दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला, आणि मग फडक्याला हात पुसले. यावर लोक पुढे बरंच बोलले. बोलोत. सांधा अर्धवट टाकून जाता येत नाही, हे त्याच्या बायकोला त्या लोकांपेक्षा जास्त कळत होतं.

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. तिथली पाती एक मशीन सरकवतं; ती रुळाला नीट चिकटून बसली तरच पुढचा सिग्नल हिरवा होतो. नाही बसली तर लाल, आणि गाडी बाहेर उभी. एकोणीस वर्षांत अकरा नंबरने एकही गाडी अडवली नव्हती. फिटर हे चारचौघांत सांगायचा. बायको तेव्हा पाण्याचे पेले ठेवता ठेवता हसायची.

ती गेल्यावर तीन आठवड्यांत सिग्नल चार वेळा लाल पडला. चौथ्या वेळी एक्सप्रेस पन्नास मिनिटं रखडली. लोक उतरून मास्तरांच्या खिडकीशी आले.

"फिटर, लोक माझ्या अंगावर येतायत," मास्तर म्हणाले. "वरून पत्र आलंय. शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर तुम्हाला डेपोत बसवणार. क्वार्टरही सोडावं लागेल."

"माझ्या मशीनमध्ये दोष नाही."

"मग काय, दृष्ट लागली?"

"मीटर लावून दाखवतो, या."

मीटर बरोबर दाखवायचा. दर वेळी. साहेब आले की सांधा शहाण्या मुलासारखा वागायचा.

मुलीचा फोन आला.

"बाबा, डेपो तर डेपो. त्या क्वार्टरमध्ये एकटे राहून काय करणार? शनिवारी येते, आईचं स्वयंपाकघर आवरू."

"आधी दोष सापडू दे."

"तुम्ही कुणाचं ऐकलंय कधी!"

शुक्रवारी सकाळी तो चहा करत होता. क्वार्टर सांध्यापासून वीस पावलांवर. मालगाडी आली आणि मांडणीतल्या ताटल्या वाजायला लागल्या. मांडणीचा वरचा खिळा सैल होता. 'अहो, मांडणी वाजते, तेवढा खिळा ठोका,' असं बायको म्हणायची. तो म्हणायचा, उद्या. तिने म्हणणं कधी सोडलं, ते त्याला आठवेना.

त्याने ताटलीवर हात ठेवला. हात काढला. मालगाड्या रोज जायच्या, पण ताटल्या अशा वाजत नसत. त्याने गॅस बंद केला आणि अनवाणीच बाहेर गेला.

पुढच्या गाडीला त्याने मशीनकडे पाहिलंच नाही. तो उकिडवा बसून सांध्याखाली रुळांना आधार देणाऱ्या आडव्या स्लीपरकडे बघत राहिला. प्रत्येक चाकासरशी स्लीपर बोटभर खाली जात होता आणि उसळून वर येत होता. खालची खडी सरकली होती. गाडीच्या वजनाने पाती हलायची आणि सिग्नल लाल पडायचा. मीटर मात्र तो गाडी गेल्यावर, रिकाम्या रुळाला लावत होता.

लाइनीवरचा मुकादम माणसं घेऊन आला. पहारी लागल्या, खडी ठासली गेली.

"नेमकं कसं ओळखलंत?" मुकादमाने विचारलं.

"घरातली मांडणी वाजली."

"बरोबर. वहिनी तेच सांगायच्या."

"काय सांगायची?"

"पाण्याला थांबलो की म्हणायच्या, 'भाऊ, मांडणी वाजतेय, जरा अकरा नंबरची खडी बघा.' आम्ही भरून टाकायचो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

फिटरने वाकून एक खडा स्लीपरखाली सरकवला.

"मी म्हटलं होतं एकदा, फिटरना सांगा की. तर म्हणाल्या, 'राहू द्या, त्यांचा मीटर बरोबर दाखवतोय ना!'" मुकादम हसला, मग पहार उचलायला वळला.

संध्याकाळची एक्सप्रेस वेळेवर गेली. फिटर स्वयंपाकघरात उभा होता. ताटल्या गप्प राहिल्या. मास्तरांचा फोन आला.

"सुटलात, फिटर. पत्राला उत्तर देतोय. दोष खडीत होता, हे लिहिलं. सापडला कुणाला? तुमचं नाव टाकतो."

"नको," फिटर म्हणाला. "घरातून सापडला, असं लिहा."

मास्तर म्हणाले, "लिहितो."

शनिवारी मुलगी आली. तिने साड्या आवरल्या, डबे पुसले, आणि मांडणीला हात लावून पाहिला.

"बाबा, ही तर हलतेय. काढायची?"

"असू दे."

"मग खिळा तरी ठोका. हातोडी आणू?"

हातोडी खिडकीतच होती. मांडणीचा खिळा ठोकायचा अजून राहिला आहे.