दोन बोटं उंच

अब्बांनी दुकानातल्या नव्या टायरवर वीत टेकवली, मग पिकअपच्या जुन्या टायरवर टेकवली, आणि एवढ्याशा चाकांवर तीन वर्षं मासळी वाहणाऱ्या आपल्या मुलीची कीव आल्यासारखं आसियाकडे पाहिलं.

"ही काय चाकं गो? दोन बोटं उंच बसवू, मग बघ गाडी कशी दिसते."

टायरवाला विनोद हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. गिऱ्हाईक घालवायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशा पेचात तो सापडला होता.

"दिसायला भारीच दिसेल, चाचा. खड्ड्यात खालून आपटायची पण नाय. पण चढाला ओढ कमी पडेल. ब्रेक दाबल्यावर थांबायला लांब जाईल. आणि काटा पन्नास दाखवेल तेव्हा गाडी पंचावन्नला असेल."

"मी कुवेतला चाळीस टनी ट्रेलर चालवलाय रे. बावीस वर्षं!"

हे वाक्य गेल्या महिन्याभरात घरातल्या कोंबड्यांनाही पाठ झालं होतं. विनोदने मान आसियाकडे वळवली.

"ताई, गाडी तुमची. तुम्ही सांगा."

आसियाला सगळं कळत होतं. पूर्णगडच्या बंदरावरून वरच्या रस्त्याला लागायचं तर मधे एक चढ आहे, आणि बर्फ आणि मासळीने भरलेली गाडी तो चढ कशी चढते हे तिच्या पायांना ठाऊक होतं. हे टायर तिथे चालायचे नाहीत. पण अब्बांची रजा पंधरवड्याने संपत होती. परत जायचं की इथेच राहायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. "इथं राहून मी करू काय?" असं त्यांनी अम्मीला विचारलेलं तिने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. ते पहिल्यांदा गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता पंचविशीतही, अगदी लहान पोरीसारखं, त्यांनी जाऊ नये असं तिला वाटत होतं. आणि आल्यापासून आज पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला होता.

"बसवा," ती म्हणाली.

बंदरावर मासळी नव्हती, त्यामुळे चार दिवस मजेत गेले. अब्बा रिकामी गाडी घेऊन पावस गावच्या रस्त्याने उगाच फिरून आले. मशिदीपाशी गाडी लावून चार माणसांना चाकं दाखवली. पूर्ण स्टिअरिंग फिरवलं की टायर आत घासायचा, तेव्हा ते खोकल्यासारखं करायचे, जणू तो आवाज त्यांचाच होता. आसिया खिडकीबाहेर बघत राहायची.

पाचव्या दिवशी बंदरावर बांगड्याचे क्रेट चढवून झाले, वर बर्फ पडला, आणि अब्बा चालकाच्या जागेवर जाऊन बसले.

"आज मी काढतो वर."

"अब्बा, हा चढ जरा..."

"बस गो."

ती बसली. चढ सुरू झाला. ती नेहमी खालूनच पहिला गिअर टाकायची आणि माथ्यापर्यंत काढायची नाही, गाडी कितीही ओरडली तरी. अब्बांना ते ओरडणं सहन झालं नाही. वळणावर त्यांनी दुसरा टाकला. गाडी गचके खात थरथरली आणि बंद पडली.

मग ती मागे सरकू लागली. अब्बांनी ब्रेक दाबला. थांबेल असं वाटलं तिथे ती थांबली नाही. आणखी दोन हात गेली, मागे क्रेट धडाधड आपटले, आणि मग थांबली. अब्बांनी हँडब्रेक ओढला, पण गाडी तरीही हळूहळू खाली कलत होती. आसियाने सीटमागचा लाकडी ठोकळा उचलला, उडी मारली आणि मागच्या चाकाखाली सारला.

ती खिडकीपाशी आली. अब्बांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि कपाळावर घाम होता.

"तिथं चढच नाय गो," ते म्हणाले. "सगळी सपाट वाळू. बावीस वर्षांत मला एक चढ लागला नाय." ते ओशाळं हसले. "चढावर जन्मलेला माणूस मी."

आसियाला आता गप्प राहवेना.

"मला दुकानातच माहीत होतं. बोलले नाय."

"का?"

"तुम्ही परत जाल म्हणून."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग दार उघडून ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून मागच्या चाकापाशी गेले आणि ठोकळ्याजवळ उकिडवे बसले.

"तू काढ. गाडी हलली की मी हा उचलतो. थांबू नको मधे."

ते क्लीनरचं काम होतं. ट्रेलरवर त्यांच्या हाताखाली दोन क्लीनर असायचे.

आसियाने चालकाच्या जागेवर बसून गाडी चालू केली आणि पहिला गिअर टाकला. गाडी कण्हली, रबर जळल्याचा वास आला, पण ती हलली, आणि हळूहळू वर निघाली. आरशात तिला अब्बा दिसत होते. ठोकळा खांद्यावर, दुसरा हात गुडघ्यावर, मागून आलेल्या रिक्षाला "थांब रे" म्हणून दटावत ते चढ चढत होते.

ती माथ्यावर थांबली. ते पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी ठोकळा जागेवर ठेवला आणि डावीकडच्या सीटवर बसले.

"हे टायर आज काढून टाकू," ते म्हणाले. "आणि हा चढ मला शिकव."

आसियाने रस्त्यावरची नजर हलवली नाही. ती म्हणाली, "आठ-पंधरा दिवसांत नाय येणार तो, अब्बा. पावसासाठी होड्या बंद होईपर्यंत लागेल. जून उजाडेल."

अब्बांनी खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर टाकला.

"लागू दे."