घरचे मागून

"भौजी, इस दाल में तो अपना मुँह दिख रहा है," रामअवध ताटातली वाटी नाकासमोर धरून म्हणाला.

"मंग केस विंचर. आरसा फुकट हाय," कमळा म्हणाली.

पंगतीत हशा पिकला. भिंतीशी अंथरलेल्या गोणपाटावर दहा-बारा माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. अंगावर लूमची रुई, कानात अजून लूमचा आवाज, म्हणून सगळेच गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होते. पळी हातात घेऊन कमळा पुढं सरकली आणि तिनं नेहमीचं वाक्य सुरू केलं, "दाल पतला है, लेकिन..."

"...उधार का नहीं है!" पंगतीनं एका सुरात पुरं केलं.

भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या माणसांच्या खानावळीला भिशी म्हणतात. गल्लीतल्या बाकीच्या भिशा आधी जेवायला घालत आणि पगार झाला की पैसे घेत. कमळाकडे उलटं होतं. महिन्याचे पैसे आधी पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवायचे, मग गोणपाटावर बसायचं. त्यामुळे तिच्याकडे माणसं कमी येत. पण मंदी आली, लूम थांबले आणि कामगार न सांगता मुलुखाला निघून गेले, तेव्हा आजूबाजूच्या भिशा बुडाल्या आणि कमळाची राहिली. ती जशी उधार देत नसे तशी घेतही नसे. नाक्यावरचा किराणावाला लडकू दर महिन्याला सांगून थकला होता.

"वैनी, तेलाचा डबाच घेऊन जा. पिशव्या घेता, त्यात तुम्हालाच महाग पडतं. पैसे काय, सावकाश द्या."

"पिशवीच दे."

"तुमचा भरोसा नाय का आमच्यावर?"

"माझाच न्हाय माझ्यावर," असं म्हणून ती रोख पैसे मोजून देई आणि पिशवी घेऊन निघे.

भिशीचा दुसरा नियम घरच्यांसाठी होता. गिऱ्हाइकांनी हात धुतल्याशिवाय घरातल्या कोणी ताट घ्यायचं नाही. पैसे देऊन बसलेल्या माणसानं पुन्हा मागितलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. तेव्हा उरेल ते घरचं. कधी बऱ्यापैकी उरे. कधी भात आणि पातेल्याला धरलेला रस्सा. कांदा महागला, डाळ चढली, तरी पुढच्या पंगतीला फारसा फरक कळत नसे. तो मागच्या पंगतीत कळे. मागची पंगत म्हणजे कमळा, तिचा मुलगा प्रितेश आणि धाकटी निशा. आत, गॅसपाशी.

हे सगळं कमळाचा नवरा हिरामण गेल्यापासूनचं. खारबावच्या खाडीकाठची जमीन विकून त्यानं जुने लूम घेतले होते, आणि जमिनीचे पैसे पुरेनात म्हणून वर फायनान्सचं कर्जही. लूम पुढं भंगारात किलोच्या भावानं गेले. हप्ते मागं राहिले. वसुलीची माणसं भर दुपारी यायची, कारण त्या वेळी माणूस घरात सापडतो. एकदा त्यांतल्या एकानं आत डोकावून वास घेतला आणि म्हणाला, "हमारा पैसा बाकी है, और यहाँ मछली पक रही है." हिरामण भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर दारात पाऊल वाजलं की त्याचा घास हातातच राही. त्याच पावसाळ्यात तो छातीच्या दुखण्यानं गेला. कमळानं भिशी घातली, काही वर्षांत सगळं फेडलं, आणि ज्या दिवशी शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी दिघाशीला माहेरी जाऊन आईला एवढंच सांगितलं, "आता कोनीबी दारात येऊ दे."

प्रितेश आता गोदामात कामाला होता. आलेल्या मालावर मशीन धरून नोंद करायची, बारा तास उभं राहायचं. अर्धा पगार आईच्या हातात देई. गेल्या दिवाळीपासून त्यानं घरी जेवणं सोडलं होतं. "गोदामात कँटीन आहे," असं तो म्हणाला होता. कमळानं फार विचारलं नव्हतं. मागच्या पंगतीतलं एक ताट कमी झालं होतं.

त्या दिवशी हात धुता धुता रामअवध सहज बोलून गेला. "भौजी, पुतळाबाई की भिशी में कल मछली मस्त थी. मैं तो महेंदर के साथ गया था, प्रितेश भी वहीं बैठा था. उसका तो वहाँ खाता चलता है."

"किसका खाता?"

"प्रितेश का." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि तो पुसतच राहिला.

जेवण तसंच झाकून कमळा निघाली. निघताना पिठासाठी ठेवलेल्या नोटा कमरेला खोचल्या. मागच्या गल्लीत तिचा मुलगा उधारीवर जेवत होता, यापलीकडे तिच्या डोक्यात काही नव्हतं.

पुतळाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. "ये कमळे! आज पाय वळला कसा गो तुझा?"

"प्रितेशचं किती होतं ते सांग."

"कसलं?"

"खाता हाय ना त्याचा. किती झालं? माझ्या घरचं कोनाकडं राहायला नको."

पुतळाबाईनं तिच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं आणि लसणीची पाकळी परातीत टाकली. "ठेव ते. तुझ्या पोराची एका पैशाचीबी उधारी न्हाय माझ्याकडं. पगार झाला का पयले माझे आनून देतो." मग जरा थांबून म्हणाली, "पोरगा गुनाचा हाय. आला तवा पयल्या दिवशी मना काय इचारतो, आक्का, अजून एक भाकर घेतली तर चालंल का? मी म्हनलं, मेल्या, भिशीत असं कोन इचारतं?"

कमळानं नोटा परत कमरेला लावल्या.

"बस ना, चाय टाकते."

"न्हाय. पीठ आनायचंय."

प्रितेश घरी आला तेव्हा ती दारातच बसली होती.

"कँटीन चांगलं हाय का रे?"

तो बूट काढायचा थांबला. "कोणी सांगितलं?"

"घरचं अन्न टाकून लोकांत पैसे भरतोस?"

"घरचं कुठं असतं आई? उरलेलं असतं."

"उरलेल्यावरच वाढलास."

"हो ना." त्यानं बूट काढून नीट भिंतीला लावले. "तिथं कोणी मागून घेतलं, तर मला काय राहील ते बघत बसावं लागत नाही. मागितलं की मिळतं. बस, एवढंच."

तिला तो लहान असतानाचा एक दिवस आठवला. पंगत बसायच्या आधी त्यानं कालवणातला एक बोंबील उचलला होता. तिनं तो त्याच्या हातातून काढून, धुऊन, परत पातेल्यात टाकला होता. रडला नव्हता तो. पंगत उठेपर्यंत पातेल्याकडे बघत बसला होता.

"सुक्करवारी घरी जेव," ती म्हणाली. "बोंबलाचं कालवन करते. तुझं पयलं काढून ठेवीन. पंगतीच्या आधी."

त्यानं मोजे काढून बुटात कोंबले. आत, पुस्तक उघडं ठेवून निशा ऐकत होती.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी गल्ली एवढी शांत होते की नव्या माणसाला चुकल्यासारखं वाटतं. कमळानं आगोटीला, पावसाच्या तोंडावर, घेतलेल्या सुक्या बोंबलांतले चांगले निवडले, बटाटा घातला, आणि कालवणाला उकळी येताच पहिले तुकडे छोट्या टोपात काढून वर झाकण ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. टोप गॅसच्या मागं सरकवताना तिनं उगाच दाराकडे पाहिलं.

पंगत बसली. प्रितेश आला, पण आत गेला नाही. खिशातून पैसे काढून त्यानं पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवले आणि रामअवधच्या शेजारी गोणपाटावर मांडी घातली.

"अरे, तू तो घर का आदमी है!" रामअवध म्हणाला.

"आज से गिऱ्हाईक हूँ, चाचा."

कोणीतरी हसलं.

कमळा वाकून हळूच म्हणाली, "आत ये. तुझं काढून ठेवलंय."

"इथंच वाढ."

"ते पैसे उचल आधी."

"पैसे आधी, मग ताट. तूच सांगतेस ना." त्याचा आवाज चढला नव्हता. त्यानं ताट पुढं केलं. पंगतीतले सगळे तिच्या पळीकडे बघत होते.

तिनं वाढलं. तो खाली मान घालून जेवला. मग मान वर करून म्हणाला, "अजून."

मोठ्या पातेल्यात नुसता रस्सा राहिला होता. कमळा आत गेली आणि तो छोटा टोप घेऊन आली. त्यातले तुकडे त्याच्या ताटात पडताना वास पंगतभर फिरला.

"भौजी, इधर भी," पलीकडून एकानं वाटी पुढं केली. मग दुसऱ्यानं. पैसे सगळ्यांनीच दिले होते. टोप रिकामा झाला.

हात धुऊन प्रितेश दाराशी थांबला. "चांगलं झालं होतं," म्हणाला, इतर गिऱ्हाइकं म्हणत तसंच, आणि गेला.

पंगत उठल्यावर कमळानं झाकणावरच्या नोटा उचलल्या. उद्याचं पीठ आणायचं होतं आणि लडकूकडे तिला रोखच न्यायचे होते. नोटा तिनं डब्यात टाकल्या.

निशानं आपलं ताट घेतलं. रोजच्यासारखी ती आत गॅसपाशी आली नाही. भाऊ बसला होता त्या जागी, गोणपाटावर जाऊन बसली आणि तिनं ताट पुढं सरकवलं.

कमळानं पातेलं तिरपं केलं. लूम बंद असल्यामुळे पळी तळाशी घासल्याचा आवाज पार गल्लीपर्यंत गेला.